रजेचा अर्ज

बेळवट्टीच्या हायस्कुलात
आम्हाला इंग्रजीत एकच कारण येत होतं. ताप.
‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर’
आठवीत पाठ केलेलं
दाव्यासारखं गळ्यात राहिलं.
मामाचं लग्न असो, म्हस व्यायलेली असो,
सुळग्याच्या जत्रेत रात्रभर जागलेलो असू,
कागदावर मात्र ताप.
दिवाळी सरली की अर्धा वर्ग तापायचा.

हुलकुंद टीचर बैलहोंगलकडच्या.
मराठी बोलायच्या ती
अंधारात पायऱ्या चाचपत उतरल्यासारखी.
‘ती फळा पूस. तो खिडकी लाव.’
आम्ही बाकाखाली तोंड घालून हसायचो.
मग आमची पाळी यायची,
खुर्ची आम्हाला ‘शी’ वाटायची, ‘इट’ कशी असेल,
आणि त्या हसायच्या नाहीत.

एका सोमवारी सतरा अर्ज आले, सतरा ताप.
टीचरनी एकही उघडला नाही.
म्हणाल्या, हात पुढं करा.
छडी येणार म्हणून डोळे मिटले,
तर त्या बोटं बघत होत्या एकेकाची.
नखांत तांबडी माती,
चीक वाळून काळी पडलेली टोकं,
राखेनं घासली तरी न गेलेली.
‘हा कसला ताप?’

लुमाण्णा उभा राहिला.
‘ताप न्हवता टीचर. रताळी काढालतो.’

रताळी म्हणजे काय, ते त्यांना कळेना.
लुमाण्णानं फळ्यावर काढलं,
दोन्ही टोकं निमुळती, मधे पोट.
‘हां! गेणसु!’ त्या म्हणाल्या
आणि माहेरचं माणूस दारात दिसावं
तसा चेहरा झाला त्यांचा.
मग खाली इंग्रजी लिहिलं, स्वीट पोटॅटो.
गोड बटाटा?
वर्गात दंगाच झाला.
दोन्ही आमच्याच रानात पिकायची,
कुणाचं नाव कुणाला देतात हे लोक?

‘आता खरं कारण लिहा,’ त्या म्हणाल्या.
आम्ही पेन चावत बसलो.
खऱ्याला सुरुवात कुठून करायची, आठवीत नव्हतं.
लुमाण्णानं तेवढं लिहिलं,
जुन्या वाक्यातला एक शब्द काढून
तिथं दुसरा ठेवला:
आय ॲम सफरिंग फ्रॉम स्वीट पोटॅटोज.

लाल पेन खाली आलं
आणि थांबलं.
टीचरनी त्याच्याकडं बघितलं,
सदऱ्याची कॉलर सरकलेली,
मानेवर पोत्याचा वळ.
त्यांनी वाक्यापुढं बरोबरची खूण केली.
नुसतं ‘पोटॅटोज’मधलं सुटलेलं ‘ई’
बारीक अक्षरात भरून दिलं.

जानेवारीत पॅसिव्ह व्हॉइस.
कर्ता शेवटी जातो, ‘बाय’ लावून,
गाळला तरी चालतो.
उदाहरण सांगा, म्हटल्यावर मागून कुणी बोललं,
‘गावाच्या पाटीला काळं फासलं गेलं.’
कुणी फासलं? कुठल्या भाषेतल्या अक्षरांना?
वाक्याला गरज नव्हती.
टीचर थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, ‘आंबा घेऊ या.
आंबा खाल्ला गेला.’

फेब्रुवारीत त्यांची बदली आली.
आम्ही अर्ज करायचं ठरवलं,
एकेचाळीस सह्या, एक अंगठा,
अंगठा शिपाई भरमाण्णाचा.
पण नमुना एकच पाठ होता,
आणि खरं लिहायला शिकलो होतो ते एकदाच,
तेही रताळ्यांबद्दल.
मी वर्गात अक्षर बरं असलेला.
मीच लिहिलं:
ॲज वी आर सफरिंग फ्रॉम फीवर,
काइंडली डू नॉट सेंड अवर टीचर.

उत्तर कन्नडात आलं.
टीचर गेल्यानंतर, दहाव्या दिवशी.
आम्ही अक्षर अक्षर लावत वाचलं,
निम्मं कळलं, निम्मं नाही.
एक शब्द तीनदा होता, ‘वर्गावणे’.
लुमाण्णा म्हणाला,
‘बघ, आमचा वर्ग हाय की यात.’
त्याचा अर्थ बदली असा होतो
हे मला माहीत होतं.
मी सांगितलं नाही.